युनिक्स टर्मिनलवरील मजकुराचे रंग आणि वाचनीयता : रबाळे परिसरातील डेटा सेंटरच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

युनिक्स व लिनक्स संगणक प्रणालींवर काम करणाऱ्या तंत्रज्ञांचा बराचसा वेळ टर्मिनलच्या पडद्यावरील मजकूर वाचण्यात जातो. या मजकुराला रंग दिल्यास तो लवकर समजतो. मात्र रंगांची निवड चुकल्यास तोच मजकूर वाचता येत नाही. काळ्या पार्श्वभूमीवरील गडद निळी अक्षरे हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. प्रस्तुत लेखात टर्मिनलवर रंग कसा उमटतो, तो नेमका कोण ठरवतो, वाचनीयता कशी मोजता येते आणि ती सुधारण्यासाठी कोणत्या ठिकाणी बदल करावा, याचे विवेचन केले आहे. नवी मुंबईतील रबाळे येथील डेटा सेंटरमध्ये ठेवलेल्या सर्व्हरवर दूरच्या ठिकाणाहून काम केले जाते, ही परिस्थिती विवेचनासाठी आधारभूत मानली आहे. रंगदुरुस्तीची पहिली जागा पाहणाऱ्याच्या टर्मिनलचा रंगपट ही आहे आणि कोणताही महत्त्वाचा अर्थ केवळ रंगावर सोपवू नये, असे प्रतिपादन लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : युनिक्स, लिनक्स, टर्मिनल, रंगपट, कॉन्ट्रास्ट, वाचनीयता, रंगांधत्व, देवनागरी.

१. प्रस्तावना

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक पट्टा हा महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या जुन्या वसाहतींपैकी एक आहे. महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. रासायनिक व अभियांत्रिकी कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या पट्ट्याचे स्वरूप गेल्या दोन दशकांत पालटले. रबाळे, ऐरोली, घणसोली व महापे या भागांत माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या राहिल्या. ठाणे-वाशी उपनगरी रेल्वेमार्ग २००४ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाल्याने ऐरोली व घणसोली यांच्या दरम्यानचे रबाळे स्थानक कामगारांप्रमाणेच संगणक तंत्रज्ञांच्याही नित्य वापरात आले. सिफी टेक्नॉलॉजीज या कंपनीचे डेटा सेंटर संकुल रबाळे येथे आहे. शेजारच्या महापे व ऐरोली परिसरातही अशी केंद्रे आहेत.

डेटा सेंटर म्हणजे हजारो सर्व्हर संगणक एकत्र ठेवण्याची, त्यांना अखंड वीजपुरवठा, थंडावा व दळणवळण पुरवण्याची जागा. यांतील बहुतेक सर्व्हरना स्वतःचा पडदा नसतो. त्यांपैकी मोठा भाग लिनक्स प्रणालीवर चालतो आणि त्यांचे व्यवस्थापन टर्मिनलद्वारे केले जाते. टर्मिनल म्हणजे आज्ञा टंकित करण्याची व उत्तरे अक्षररूपात पाहण्याची खिडकी. बँकेचे व्यवहार असोत, रुग्णालयाच्या नोंदी असोत वा तिकीट आरक्षण असो, या सेवांमध्ये बिघाड झाला की कोणीतरी तंत्रज्ञ अशाच एका खिडकीसमोर बसून ओळींमागून ओळी वाचत असतो. त्या ओळींतील एखादी इशारासूचना पार्श्वभूमीत मिसळून गेली, तर दुरुस्तीला विलंब होतो. चाचणीचा सर्व्हर समजून प्रत्यक्ष सेवेतील सर्व्हरवर आज्ञा दिली गेली, तर हानीही होऊ शकते. म्हणूनच टर्मिनलवरील अक्षरांचा रंग हा केवळ आवडीनिवडीचा विषय ठरत नाही.

२. लेखाची उद्दिष्टे

(१) टर्मिनलवरील रंगांची कार्यपद्धती सोप्या भाषेत स्पष्ट करणे.
(२) रंगांमुळे मजकूर अवाचनीय होण्याची कारणे शोधणे व वाचनीयता मोजण्याचे मापक सांगणे.
(३) सुधारणेचे मार्ग व त्यांच्या मर्यादा यांची तुलना करणे.
(४) देवनागरी मजकुराच्या संदर्भात उद्भवणारे विशेष प्रश्न मांडणे.

लेखात आज्ञांची व फाईलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष वापरात ती रोमन लिपीत टंकित करावी लागतात.

३. टर्मिनलवर रंग कोठून येतो?

युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. त्या काळी संगणकाशी संवाद साधण्यासाठी टेलीटाईप हे कागदावर छापणारे यंत्र वापरले जाई. पुढे कागदाची जागा काचेच्या पडद्याने घेतली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ मध्ये बाजारात आणलेले व्हीटी१०० हे टर्मिनल अतिशय लोकप्रिय झाले. ते एकरंगी होते. मात्र अक्षरे ठळक करणे, अधोरेखित करणे, पार्श्वभूमी उलटी करणे यांसाठी त्याला विशिष्ट संकेत पाठवता येत. १९७९ मध्ये अमेरिकन मानक संस्थेने एक्स३.६४ या क्रमांकाने अशा संकेतांचे प्रमाणीकरण केले. आजचे सर्व टर्मिनल कार्यक्रम याच परंपरेतील संकेत समजतात.

या संकेतांची रचना साधी आहे. प्रथम एस्केप हे अदृश्य चिन्ह, नंतर चौकटी कंस, मग एक किंवा अधिक अंक आणि शेवटी एम हे अक्षर, असा हा क्रम असतो. ३० ते ३७ हे अंक अक्षरांच्या रंगासाठी आणि ४० ते ४७ हे पार्श्वभूमीच्या रंगासाठी राखून ठेवले आहेत. ३१ म्हणजे लाल, ३२ म्हणजे हिरवा, ३३ म्हणजे पिवळा, ३४ म्हणजे निळा. शून्य हा अंक सर्व रंग रद्द करून मूळ स्थिती आणतो. मूळ रंग आठच असण्याचे कारण असे की लाल, हिरवा व निळा या तीन प्रकाशांपैकी प्रत्येक चालू किंवा बंद असू शकतो. दोन स्थितींचे तीन घटक मिळून आठ जुळण्या होतात. पुढे या आठांच्या उजळ छटांसाठी ९० ते ९७ हे अंक रूढ झाले आणि एकूण सोळा रंगांचा संच तयार झाला.

त्यानंतर २५६ रंगांची पद्धत आली. तिच्यात ० ते १५ हे वरील सोळा रंग, १६ ते २३१ हे लाल, हिरवा व निळा यांच्या प्रत्येकी सहा पातळ्यांतून बनणारे २१६ रंग आणि २३२ ते २५५ या करड्या रंगाच्या २४ छटा असतात. अलीकडच्या टर्मिनलमध्ये तिन्ही घटकांची प्रत्येकी २५६ मूल्ये थेट देऊन सुमारे १ कोटी ६८ लाख रंगांपैकी कोणताही निवडता येतो.

येथे एक बाब नीट समजून घेणे आवश्यक आहे. ३४ या अंकाचा अर्थ 'चौथ्या क्रमांकाचा रंग' एवढाच आहे. तो निळा नेमका किती गडद वा किती उजळ दिसावा, हे संकेतात कोठेही सांगितलेले नसते. ते टर्मिनलच्या रंगपटात, म्हणजे क्रमांक आणि प्रत्यक्ष रंग यांची जोडी सांगणाऱ्या यादीत ठरलेले असते. एकाच आज्ञेचे उत्तर दोन संगणकांवर भिन्न रंगांत दिसते, त्याचे कारण हेच होय.

४. सर्व्हर रबाळ्यात, पडदा अन्यत्र

रबाळे येथील एखाद्या सर्व्हरवर पुणे, नागपूर वा सिंगापूर येथील तंत्रज्ञ काम करीत आहे, असे समजू. त्याच्या संगणकावरील टर्मिनल सुरक्षित शेलच्या, म्हणजे एसएसएचच्या माध्यमातून सर्व्हरशी जोडलेले असते. त्याने फाईलींची यादी मागणारी 'एलएस' आज्ञा दिली की ती आज्ञा रबाळ्यात चालते आणि तेथून अक्षरांसोबत रंगांचे क्रमांक परत येतात. त्या क्रमांकांचे प्रत्यक्ष प्रकाशात रूपांतर मात्र तंत्रज्ञाच्या टेबलावरील संगणक करतो. म्हणजे क्रमांक निवडण्याचे काम एका टोकाला आणि रंग उमटवण्याचे काम दुसऱ्या टोकाला होते.

या विभागणीमुळे अनेक अडचणी उद्भवतात. सर्व्हरवरील कार्यक्रमाला पाहणाऱ्याची पार्श्वभूमी काळी आहे की पांढरी, हे सहसा ठाऊक नसते. तो केवळ 'टर्म' या परिसर-चलात नोंदलेले टर्मिनलचे नाव पाहतो. या नावावरून 'टर्मइन्फो' या माहितीसंग्रहात त्या टर्मिनलची क्षमता शोधली जाते. तेथे रंगांची संख्या मिळते, पार्श्वभूमीचा रंग मिळत नाही. काही नवे कार्यक्रम टर्मिनलला थेट प्रश्न पाठवून पार्श्वभूमी विचारतात. परंतु प्रत्येक टर्मिनल उत्तर देईलच असे नाही. परिणामी कार्यक्रमाचा लेखक अंदाजाने रंग निवडतो आणि तो अंदाज निम्म्या वाचकांच्या बाबतीत चुकण्याची शक्यता राहते.

'व्हीआयएम' हा मजकूर-संपादक याचे बोधक उदाहरण आहे. पार्श्वभूमी उजळ आहे असे त्याने गृहीत धरले की तो कार्यक्रमातील टिपा गडद निळ्या रंगात दाखवतो. पाहणाऱ्याचा पडदा प्रत्यक्षात काळा असेल, तर नेमक्या स्पष्टीकरणासाठी लिहिलेल्या ओळीच दिसेनाशा होतात.

सर्व्हरच्या प्रत्यक्ष कपाटापाशी उभे राहून काम करणाऱ्याची स्थिती वेगळी असते. जाळे बंद पडल्यावर तंत्रज्ञ पडदा व कळफलक थेट सर्व्हरला जोडतो. तेथे लिनक्सचा स्वतःचा अक्षर-पडदा दिसतो आणि त्याचा रंगपट प्रणालीच्या गाभ्यातून येतो. या रंगपटातील मूळ निळा फार गडद आहे. अडचणीच्या प्रसंगी वापरावा लागणारा पडदाच वाचण्यास सर्वांत कठीण असतो, ही बाब व्यवस्थापकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे.

५. डोळा, प्रकाश आणि कॉन्ट्रास्ट

निळाच रंग वारंवार त्रासदायक का ठरतो, याचे उत्तर डोळ्याच्या रचनेत आहे. दृष्टिपटलावरील रंगसंवेदी शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांपैकी निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी संख्येने सर्वांत कमी असून बारीक अक्षरे वाचताना वापरल्या जाणाऱ्या दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी त्या जवळजवळ नसतात. त्यामुळे समान शक्तीचे तीन प्रकाश पडद्यावर असले, तरी उजळपणाच्या संवेदनेत हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लाल रंगाचा २१ टक्के आणि निळ्याचा अवघा ७ टक्के धरला जातो.

याच प्रमाणांवर वाचनीयतेचे एक सर्वमान्य मापक आधारलेले आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर, म्हणजे कॉन्ट्रास्ट, काढण्याची रीत दिली आहे. दोन्हींचा सापेक्ष उजळपणा ० ते १ या श्रेणीत काढून प्रत्येकात ०.०५ मिळवावे आणि मोठ्या संख्येला लहान संख्येने भागावे. काळ्यावर पांढरा असल्यास हे गुणोत्तर २१ येते; दोन्ही रंग एकच असल्यास १ येते. सामान्य आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ आणि अधिक चांगल्या वाचनीयतेसाठी ७ हे गुणोत्तर अपेक्षित आहे. ही तत्त्वे संकेतस्थळांसाठी तयार झाली असली, तरी डोळा तोच असल्याने टर्मिनललाही ती लागू करता येतात.

या रीतीने काढलेली काही गुणोत्तरे पुढील तक्त्यात दिली आहेत. कंसातील तीन संख्या अनुक्रमे लाल, हिरवा व निळा या घटकांची ० ते २५५ या श्रेणीतील मूल्ये आहेत.

तक्ता क्र. १ : निवडक रंगजोड्यांचे कॉन्ट्रास्ट गुणोत्तर

काळ्या पार्श्वभूमीवर —
लिनक्स अक्षर-पडद्याचा निळा (०, ०, १७०) : १.६
पुट्टीचा मूळ निळा (०, ०, १८७) : १.७
एक्सटर्मचा मूळ निळा (०, ०, २३८) : २.२
एक्सटर्मचा मूळ लाल (२०५, ०, ०) : ३.६
एक्सटर्मचा उजळ निळा (९२, ९२, २५५) : ४.४
लिनक्स अक्षर-पडद्याचा करडा (१७०, १७०, १७०) : ९.०
फिकट निळा, क्रमांक १११ (१३५, १७५, २५५) : ९.६
एक्सटर्मचा मूळ पिवळा (२०५, २०५, ०) : १२.३

पांढऱ्या पार्श्वभूमीवर —
एक्सटर्मचा मूळ पिवळा (२०५, २०५, ०) : १.७
एक्सटर्मचा मूळ हिरवा (०, २०५, ०) : २.२
फिकट निळा, क्रमांक १११ (१३५, १७५, २५५) : २.२
एक्सटर्मचा मूळ निळा (०, ०, २३८) : ९.४

तक्त्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की तिन्ही मूळ निळे काळ्या पार्श्वभूमीवर किमान मर्यादेच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाहीत. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की एका पार्श्वभूमीवर उत्तम ठरलेला रंग दुसऱ्या पार्श्वभूमीवर निरुपयोगी ठरतो. पिवळ्या रंगाचे गुणोत्तर १२.३ वरून १.७ वर घसरते, निळ्याचे २.२ वरून ९.४ वर चढते. सर्वत्र चालेल असा एकच निळा वा पिवळा ठरवून देण्याचा प्रयत्न म्हणूनच यशस्वी होत नाही.

पार्श्वभूमी काळी असावी की पांढरी, यावर मतभेद आहेत. उजेड असलेल्या खोलीत पांढऱ्यावर काळी अक्षरे वाचताना डोळ्याची बाहुली आकुंचन पावते व प्रतिमा अधिक रेखीव होते. अंधुक प्रकाशात, विशेषतः रात्रपाळीत, काळी पार्श्वभूमी अनेकांना सुखावह वाटते. खोलीतील उजेड आणि व्यक्तीची दृष्टी पाहून निर्णय घ्यावा. मात्र निर्णय घेतल्यावर रंगपट त्या पार्श्वभूमीला अनुरूप असणे अगत्याचे आहे.

६. सुधारणेचे मार्ग

६.१ टर्मिनलचा रंगपट बदलणे

बहुतेक टर्मिनल कार्यक्रमांत रंगपट बदलण्याची सोय असते. नोम टर्मिनल व कन्सोल यांत ती प्रोफाईलच्या पर्यायांत आढळते. विंडोज संगणकावरून सर्व्हरशी जोडणी करताना आपल्याकडे पुट्टी हा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. त्यात विंडो विभागाखालील कलर्स या पानावर 'एएनएसआय ब्लू' हा रंग निवडून त्याची तीन मूल्ये बदलता येतात. केलेला बदल त्या जोडणीच्या नावाखाली जतन करणे विसरू नये. अन्यथा पुढच्या वेळी जुनाच रंग परत येतो. एक्सटर्मसाठी हीच मूल्ये घर-डिरेक्टरीतील 'एक्सरिसोर्सेस' या फाईलीत लिहून 'एक्सआरडीबी' आज्ञेने लागू करावी लागतात. सर्व्हरच्या थेट जोडलेल्या अक्षर-पडद्यासाठी 'सेटव्हीटीआरजीबी' ही आज्ञा उपलब्ध आहे.

या मार्गाचा मोठा लाभ असा की एकदा केलेला बदल सर्व सर्व्हरना व सर्व कार्यक्रमांना लागू होतो. रबाळ्यातील शंभर सर्व्हरवर काहीही न बदलता त्या शंभरांतून येणारा ३४ हा क्रमांक वाचनीय दिसू लागतो. शिवाय हा बदल ज्याने केला त्याच्यापुरताच राहतो. इतरांच्या पडद्याला धक्का लागत नाही.

तयार रंगसंच निवडताना मात्र सावधगिरी हवी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला सोलराइज्ड हा रंगसंच लोकप्रिय आहे. त्यात उजळ रंगांच्या आठ जागांपैकी बहुतेक करड्या छटांसाठी वापरल्या आहेत आणि गडद आवृत्तीत 'उजळ काळा' हा पार्श्वभूमीच्याच रंगाचा आहे. एखाद्या कार्यक्रमाने दुय्यम माहिती 'उजळ काळ्या' रंगात छापली, तर ती पडद्यावर असूनही दिसत नाही. कोणताही संच स्वीकारण्यापूर्वी सोळाही रंगांत एकेक ओळ छापून पाहणे हा यावरील सोपा उपाय होय.

ठळक अक्षरांचा प्रश्नही येथेच येतो. जुन्या टर्मिनलच्या प्रथेनुसार ठळक निळा म्हणजे उजळ निळा असा अर्थ लावला जाई. 'एलएस' आज्ञा डिरेक्टरीची नावे ठळक निळ्या रंगात छापते, ती याच प्रथेच्या भरवशावर. अनेक नव्या टर्मिनलमध्ये ठळकपणा आणि उजळपणा यांची फारकत केलेली आहे. नवी आवृत्ती बसवल्यावर डिरेक्टरींची नावे एकाएकी गडद दिसू लागल्यास हा पर्याय तपासावा.

६.२ आज्ञांचे रंग बदलणे

'एलएस' आज्ञा कोणत्या प्रकारच्या फाईलीला कोणता क्रमांक द्यायचा, हे 'एलएस कलर्स' या परिसर-चलातून वाचते. 'डिरकलर्स' आज्ञेला लहान लिपीतील पी हा पर्याय दिल्यास मूळ यादी छापली जाते. ती एका फाईलीत जतन करून तीत डिरेक्टरीसमोर असलेले ०१ व ३४ हे अंक बदलता येतात. त्या जागी ३८, ५ व १११ हे अंक अर्धविरामाने जोडून लिहिले, की २५६ रंगांतील १११ क्रमांकाचा फिकट निळा मिळतो. बॅश शेलच्या प्रारंभ-फाईलीत योग्य ती ओळ घातल्यास प्रत्येक वेळी हीच यादी लागू होते.

हा उपाय लोकप्रिय असला, तरी त्याची मर्यादा तक्त्यातच दिसते. १११ या क्रमांकाचे गुणोत्तर काळ्यावर ९.६, तर पांढऱ्यावर केवळ २.२ आहे. पहिले सोळा रंग पाहणाऱ्याच्या रंगपटानुसार बदलतात. १६ पासून पुढचे क्रमांक सर्वसाधारणपणे स्थिर असतात. एका सामाईक खात्यात एका तंत्रज्ञाने स्वतःच्या काळ्या पडद्यासाठी हा बदल केला, तर पांढरी पार्श्वभूमी वापरणाऱ्या सहकाऱ्याला डिरेक्टरींची नावे वाचता येईनाशी होतात. म्हणून सामाईक सर्व्हरवर पहिल्या सोळा क्रमांकांतीलच निवड करावी आणि स्थिर रंग केवळ वैयक्तिक खात्यात वापरावेत.

६.३ संपादक व मध्यस्थ कार्यक्रम

'व्हीआयएम' संपादकाच्या वैयक्तिक फाईलीत 'बॅकग्राउंड' या पर्यायाला 'डार्क' हे मूल्य दिल्यास टिपांसाठी गडद निळ्याऐवजी उजळ आकाशी रंग वापरला जातो. एका ओळीच्या या बदलाने बहुतेकांची तक्रार दूर होते. 'स्क्रीन' व 'टीमक्स' हे एका खिडकीत अनेक सत्रे चालवणारे कार्यक्रम टर्मिनल आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसतात. त्यांच्यात 'टर्म' चे मूल्य चुकीचे असल्यास २५६ रंग आठांवर येतात व जवळच्या रंगांची भेसळ होते. 'टीपुट' आज्ञेला 'कलर्स' हा शब्द दिल्यास प्रणाली किती रंग गृहीत धरते, हे समजते.

६.४ रंग पूर्णतः बंद ठेवणे

रंग नको असणे हीही रास्त निवड आहे. 'एलएस' व 'ग्रेप' यांना रंगासाठी 'ऑटो' हा पर्याय दिल्यास उत्तर पडद्यावर जात असेल तरच रंग दिला जातो. फाईलीत जात असेल तर दिला जात नाही. 'ऑलवेज' पर्याय सरसकट वापरल्यास संकेतांचे अंक व कंस नोंदवहीच्या फाईलींत शिरतात आणि पुढे शोध घेताना अडथळा होतो. २०१७ पासून 'नो कलर' या नावाचे परिसर-चल ठेवल्यास कार्यक्रमांनी रंग देऊ नये, असा संकेत रूढ होत आहे. अनेक कार्यक्रम तो पाळतात.

७. रंग आणि अर्थ

रंगपट कितीही काळजीपूर्वक निवडला, तरी काही वाचकांना दोन रंगांतील भेद जाणवत नाही. लाल-हिरवा रंगांधत्व हे एक्स गुणसूत्रावरील जनुकांशी निगडित असल्याने पुरुषांत अधिक आढळते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. ज्या कार्यक्रमात यश हिरव्या ठिपक्याने आणि अपयश लाल ठिपक्याने दाखवले जाते, तो या वाचकांच्या हाती अपुरी माहिती देतो.

युनिक्सच्या जुन्या परंपरेत यावर उपाय आहेतच. 'एलएस' आज्ञेला मोठ्या लिपीतील एफ हा पर्याय दिल्यास डिरेक्टरीपुढे तिरकी रेघ, चालवता येणाऱ्या फाईलीपुढे तारांकन आणि जोड-फाईलीपुढे ॲट हे चिन्ह येते. फाईलींतील फरक दाखवणाऱ्या आज्ञा वाढवलेल्या ओळीपूर्वी अधिक आणि वगळलेल्या ओळीपूर्वी उणे चिन्ह छापतात. हिरवा व लाल हे त्यावरील केवळ साहाय्य असते. सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचा प्रॉम्प्ट हॅश चिन्हाने आणि सामान्य वापरकर्त्याचा डॉलर चिन्हाने संपतो.

प्रत्यक्ष सेवेतील सर्व्हर ओळखता यावा म्हणून अनेक ठिकाणी त्याच्या प्रॉम्प्टची पार्श्वभूमी लाल ठेवतात. ही प्रथा उपयुक्त आहे. परंतु त्यासोबत प्रॉम्प्टमध्ये सर्व्हरचे नाव आणि 'सेवेत' वा 'चाचणी' असा अर्थ सांगणारा शब्दही असावा. रंग लक्ष वेधतो, शब्द खात्री देतो. बॅश शेलमध्ये असा रंगीत प्रॉम्प्ट लिहिताना रंगसंकेत विशिष्ट कंसचिन्हांत बंदिस्त करावे लागतात. तसे न केल्यास शेल त्या अदृश्य अक्षरांचीही लांबी मोजतो, लांब आज्ञा ओळीवर चुकीच्या जागी दुमडली जाते आणि जे दिसते त्यापेक्षा वेगळीच आज्ञा दिली जाण्याचा धोका निर्माण होतो.

८. देवनागरी मजकुराचे विशेष प्रश्न

मराठी फाईलनावे, मराठी नोंदी व मराठी माहितीसंच आता लिनक्स सर्व्हरवर नित्य आढळतात. टर्मिनलची मूळ रचना मात्र एक अक्षर म्हणजे एक चौकोन अशी असल्याने जोडाक्षरे व मात्रा अनेक टर्मिनलमध्ये विस्कळीत दिसतात. रंगांमुळे या अडचणीत भर पडते. 'ग्रेप' आज्ञेने 'क' हे अक्षर शोधले, तर 'की' या शब्दातील 'क' रंगवून रंग संपवण्याचा संकेत त्याच्या लगेच पुढे, म्हणजे वेलांटीच्या आधी घातला जातो. युनिकोडमध्ये 'क' आणि दीर्घ वेलांटी ही दोन स्वतंत्र चिन्हे असल्याने आज्ञेच्या दृष्टीने यात चूक नाही. परंतु व्यंजन व मात्रा यांच्यामध्ये संकेत आल्याने अक्षर तुटून वेलांटी सुटी दिसू शकते. शोधासाठी सुटे व्यंजन न देता पूर्ण अक्षर वा पूर्ण शब्द देणे, अथवा अशा वेळी रंग बंद ठेवणे, हे यावरील व्यवहार्य उपाय आहेत.

कॉन्ट्रास्टचा मुद्दाही देवनागरीत अधिक गंभीर होतो. अनुस्वाराचा ठिंब, रफार आणि उकार ही लहान चिन्हे शब्दाचा अर्थ ठरवतात. छोट्या आकाराच्या, मंद रंगाच्या अक्षरांत ती प्रथम नाहीशी होतात. रोमन मजकुरासाठी ४.५ हे गुणोत्तर किमान मानले, तर देवनागरीसाठी ७ हे उद्दिष्ट ठेवणे आणि अक्षराचा आकार एक-दोन अंकांनी वाढवणे श्रेयस्कर ठरेल.

९. निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) सर्व्हरकडून रंगाचा क्रमांक येतो. रंग पाहणाऱ्याच्या टर्मिनलमध्ये ठरतो. त्यामुळे वाचनीयतेची पहिली दुरुस्ती रंगपटात करावी.
(२) निळा, लाल व पिवळा हे रंग पार्श्वभूमीच्या संदर्भातच तपासावेत. कॉन्ट्रास्ट किमान ४.५ आणि शक्यतो ७ असावा.
(३) सामाईक खात्यांत स्थिर क्रमांकांचे रंग वापरू नयेत. एकाची सोय दुसऱ्याची अडचण होऊ देऊ नये.
(४) इशारा, यश, अपयश, सेवेतील सर्व्हर यांसारखे अर्थ चिन्ह वा शब्दानेही व्यक्त व्हावेत.
(५) थेट जोडल्या जाणाऱ्या अक्षर-पडद्याचा रंगपट सर्व्हर बसवतानाच दुरुस्त करावा. आणीबाणीच्या वेळी त्यासाठी सवड मिळत नाही.
(६) महाविद्यालयांतील लिनक्सच्या प्रात्यक्षिकांत रंगपट, 'टर्म' चल व कॉन्ट्रास्ट यांचा समावेश करावा. त्यासाठी वेगळ्या साधनसामग्रीची गरज नाही.

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एकेकाळी यंत्रावरील दाबमापकाच्या तबकडीवर लाल रेघ असे आणि ती दिव्याच्या उजेडात स्पष्ट दिसते ना, हे पाहणे कामगाराच्या सुरक्षिततेचा भाग मानले जाई. त्याच वसाहतीतील आजच्या तंत्रज्ञासाठी टर्मिनलवरील ओळ हीच ती तबकडी आहे. तिच्यावरील अक्षर स्पष्ट दिसावे यासाठी लागणारा वेळ काही मिनिटांचा आहे आणि त्याचा लाभ रात्रपाळीतील प्रत्येक ओळीला मिळणारा आहे.